गाडीच्या छतावरची पांढरी माती

पहिल्या नेमणुकीला कुठं राहिलात, असं कुणी विचारलं की मी सांगते, गाडीत. लोक हसतात. त्यांना वाटतं, मी रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी केली. मी खुलासा करत बसत नाही. खुलासा करायचा म्हणजे छतापासून सुरुवात करावी लागते, आणि छतापाशी आलं की माय येते.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. भोकरदन तालुक्यातलं मोठं गाव, जाफराबादकडे जाणारी एसटी दिवसातून दोनदा थांबायची. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा, मोठं आवार आणि आवारात एक लिंबाचं झाड. त्या झाडाखाली दवाखान्याची गाडी उभी होती. लांब नाकाची, पिवळट रंगाची. एका अंगाला लाल त्रिकोण, दुसऱ्या अंगाला आई, बाप आणि दोन लेकरं असं हसरं कुटुंब रंगवलेलं. खेडोपाडी मुक्काम करून लसी टोचायच्या, कुटुंबनियोजनाचं सांगायचं, म्हणून आत राहायची सोय होती. दोन बाकं होती, ती उघडली की झोपायला फळ्या व्हायच्या. एक हात धुवायचं भांडं, एक कपाट, छतात हवेसाठी एक झडप. मी रुजू व्हायच्या आधीच तिचं इंजिन जाफराबादच्या रस्त्यावर बसलं होतं, आणि दोन बैलजोड्या लावून तिला ओढत आणलं होतं. मग वरच्या कचेरीनं दुसऱ्या गाडीसाठी तिची चाकं काढून नेली. ती विटांच्या चार थरांवर बसली ती कायमची.

नर्सच्या क्वार्टरची फाईल चालू होती. ती मी निवृत्त होईपर्यंत चालूच असावी. तोवर खोली बघा म्हणाले, म्हणून मी आठ दिवस गावात खोली शोधली. लोक अगदी गोड बोलायचे. आधी आडनाव विचारायचे. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारायचे. गावही कळलं की विचारायचे, गावात कोणत्या बाजूला घर? एवढं झालं की कुणाची खोली पडायला आलेली निघायची, कुणाच्या खोलीत कापूस भरायचा असायचा, कुणाचं म्हातारं माणूस कुरकुर करणारं असायचं. एका घरी तर मी उभी असतानाच सून झाडत असलेली रिकामी खोली दाखवून सासऱ्यांनी सांगितलं, ही भरलेली आहे. मी त्या खोलीकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. आम्ही छप्पनलाच धर्म बदलला होता, पण गावानं आमची बाजू बदलली नव्हती.

डॉक्टर नवीन होते, शहरातले. शनिवार आला की एसटीनं निघून जायचे. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "सिस्टर, दोन-चार महिने गाडीत काढा. आत सगळं आहे." खरंच सगळं होतं. फक्त घर नव्हतं, पण ते मला कळायला वेळ लागला.

माय आली ती बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव अंबडकडचं, अंतरवालीच्या पलीकडे. विहिरीला पाणी नाही, शेतात काम नाही. ती सरकारी कामावर खडी फोडायला जायची. सात-आठ महिने तिनं दगडाची भुकटी छातीत भरून घेतली आणि दमा घेऊन माझ्याकडे आली. एका गाठोड्यात दोन लुगडी, एक तवा आणि आमच्या वस्तीत घराघरात असतात ते दोन फोटो, काचेसकट. गाडीत शिरताच तिनं ते फोटो कपाटावर उभे केले आणि आजूबाजूला बघून म्हणाली, "पेटीच हाय की वो माय. झाकण लावलं की संपलं."

दुष्काळाचं एक बरं असतं, छत गळत नाही. आमची गाडी गळकी आहे हे मला दीड वर्ष कळलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस आला. गाव आनंदानं रस्त्यावर आलं होतं, आणि आमच्या गाडीत मायच्या फळीवर, बरोबर उशाशी, टप टप सुरू झालं.

पहिल्यांदा मी त्याखाली पातेलं ठेवलं. मग दोन पातेली. मग मायची फळी मी घेतली आणि माझी तिला दिली, तर पाणी दोन दिवसांत माझ्या फळीवर आलं. मायनं त्यातही थट्टा शोधली. "त्याला माझा वास लागलाय," ती म्हणाली. पण ओल आली की तिचा दम वाढायचा. रोज संध्याकाळी छातीतून बारीक शिट्टी यायची, आणि ती बोलता बोलता थांबून हात वर करायची. म्हणजे थांब, दम येऊ दे. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गोळ्या देतो. पण खरं औषध म्हणजे कोरडी जागा. ओलीत ठेवू नका यांना." त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिलं नाही एवढंच. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मायला कोरडी जागा पाहिजे.

उघडीप मिळताच मी मागच्या लोखंडी शिडीनं वर चढले. डांबराचा डबा चुलीवर तापवला आणि थेंब पडायचा त्या जागेवरच्या सगळ्या सांध्यांवरून चिंधीनं डांबर फिरवलं. आवारात आलेले रोगी खालून बघत होते. सिस्टर छतावर हे त्यांना सर्कशीइतकं होतं. पोरांनी माझं नाव त्रिकोणबाई ठेवलंच होतं. हात भाजले, एक लुगडं वाया गेलं, आणि पुढच्या पावसात थेंब त्याच जागी पडला. मला त्या थेंबाचा इतका राग आला की मी त्याच्याशी भांडले. माय हसून हसून खोकली.

आठवडी बाजारात एक पत्रेवाले चाचा बसायचे. कंदील, स्टोव्ह, पाण्याची भांडी झाळून द्यायचे. त्यांना मी गाडीपाशी आणलं. ते छतावर गेलेच नाहीत. आत येऊन त्यांनी आतल्या लाकडी अस्तरावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "बाई, पानी जिथं टपकतं तिथून घुसत न्हाई. पत्र्याच्या खाली लोखंडी फासळ्या हायेत. पानी घुसतं एकीकडं, फासळी धरून चालतं, आन जिथं जागा मिळंल तिथं उतरतं. तुम्ही टपकायच्या जागी डांबर लावून राह्यल्या. बिलकुल बेकार."

"मग शोधायचं कसं?"

"रंग टाका पान्यात. एकेक जागी वता आन खाली बघा."

रंग माझ्याकडे होता. दवाखान्यात जखमांना, लेकरांच्या तोंडातल्या फोडांना लावायचं जांभळं औषध असायचं, एक थेंब लागला तर आठ दिवस निघत नाही असं. एका रविवारी, डॉक्टर गावाला गेलेले असताना, मी बादलीभर पाणी जांभळं केलं आणि तांब्या घेऊन वर बसले. माय आत, हातात पळी. जांभळं दिसलं की तिनं पळीनं पत्र्यावर ठोकायचं, असं ठरलं. मी पहिल्या सांध्यावर पाणी ओतलं. आतून ठणठणाट. मी खाली उतरून गेले तर माय म्हणाली, "कुठं काय. मी बघून राह्यले का तू ठीक हायस न्हाई."

अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावर तिला काम समजलं. छतावर पुढच्या भागात सामान बांधायची लोखंडी चौकट होती आणि ती बोल्टांनी पत्र्यात बसवलेली होती. तिसऱ्या बोल्टावर पाणी ओतलं आणि बराच वेळ काही झालं नाही. मग पळी वाजली. खरी वाजली, जल्दी जल्दी. बोल्ट होता ड्रायव्हरच्या डोक्यावर, आणि जांभळं पाणी उतरलं होतं नऊ-दहा फूट मागे, मायच्या उशीवर. आम्ही दोघी त्या जांभळ्या डागाकडे बघून अशा खूश झालो, जशी लॉटरीच लागली. तो डाग त्या उशीवर शेवटपर्यंत राहिला.

अकरा बोल्ट गळके निघाले. चाचांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापल्या, एकेक बोल्ट काढून चकती घालून परत आवळला, वरून फटींत लांबीचा लगदा भरला. त्या पावसाळ्याचे उरलेले दिवस आम्ही कोरडे काढले. पण आमच्याकडचा वैशाख कुणाचं काही टिकू देत नाही. दुपारी पत्रा असा तापायचा की आत पाण्याचा माठसुद्धा कोमट व्हायचा. पत्रा तापून फुगायचा, सकाळी आकसायचा. रबर कडक झालं, लांबीला भेगा पडल्या. पुढच्या पावसात अकराचे चौदा झाले. चाचांनी परत चकत्या कापल्या. परत वैशाख आला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, आमचा घडा सुलटा होता आणि पाणी बराबर आत पडत होतं, तरी गत तीच.

मधल्या काळात मी खोलीचा नाद सोडला नव्हता. गावात एक मोठं घर होतं, जुनं, मातीच्या माळवदाचं. त्या घरच्या मालकीणबाईंची सून दुष्काळाच्या वर्षी अडली होती. मूल पायाळू होतं. डॉक्टर गावाला गेलेले. पहाटेपासून दुपारपर्यंत मी त्या बाईशी झुंजले आणि आई-मूल दोघं वाचली. मालकीणबाई रडत म्हणाल्या होत्या, "काय मागायचं ते माग बाई." मी तेव्हा काही मागितलं नाही. छत गळायला लागल्यावर मागितलं. त्यांच्या अंगणाच्या कडेला एक खोली रिकामी होती.

"देऊ की," त्या म्हणाल्या. "पोळा होऊ द्या."

पोळा झाला. मग म्हणाल्या, दसरा होऊ द्या. दसऱ्यानंतर म्हणाल्या, बघू संक्रांतीनंतर. गरज सरो, वैद्य मरो. तिसऱ्या वर्षी मी सरळच विचारलं, द्यायची की नाही सांगा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं काही न्हाई बाई. तुम्ही सरकारी माणूस, शिकलेल्या, ऱ्हाणं स्वच्छ. तुम्ही एकट्या असत्या तर कवाच दिली असती. पण म्हातारी हाय तुमच्यासंगं. ती अंगणात बसणार, चार बायांशी बोलणार. घरात आमचे सासरे हायेत अजून."

मी परत आले. मायला सांगितलं की खोलीत कापूस भरलाय.  रात्रीची भाकरी करता करता ती म्हणाली, "मी जाऊ का मंग गावाला परत?" म्हणजे तिला कळलं होतं. गावाला तिचं एक छप्पर होतं, पाचटाचं, तेही दुष्काळात सरपणाला गेलेलं. मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडणं सोपं होतं.

त्या वैशाखात मला औरंगाबादला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले तर गाडी ओळखू येईना. छतावर चार बोटं जाडीचा पांढऱ्या मातीचा थर होता. कडा नीट बांधलेल्या, वर चोपणीनं चोपून गुळगुळीत केलेलं, पाणी जायला मागच्या बाजूला उतार आणि उताराला खापराची पन्हाळी. माळवदावर असतं तसं सगळं. गाडीच्या पुढ्यात माय बसली होती, केसांत माती, भुवयांत माती, दम लागलेला, आणि तोंडावर ऐट अशी, जशी वरमाईची.

आमच्या भागात मातीच्या छताची घरं असतात त्यांना दरवर्षी पावसाआधी पांढरी माती घालतात. जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती, चिकट, पाणी न पिणारी. ती पसरायची, ओली करायची, चोपायची. हे काम मायनं लहानपणापासून केलेलं, पण सगळं दुसऱ्यांच्या छतांवर. मोठ्या घरांची माळवदं चोपायला वस्तीतल्या बायाच जायच्या. छतावर चालायच्या, घरात मात्र जायच्या नाहीत. तिच्या स्वतःच्या डोक्यावर कधी माळवद नव्हतं. कुंभाराच्या गाढवांवरून चार खेपा माती आणवून, टोपली डोक्यावर घेऊन, दम्याची बाई त्या लोखंडी शिडीनं किती वेळा वर गेली असेल, मी तिला विचारलं नाही. ती म्हणाली, "तुझा तो चाचा रबर कापून राह्यला. अगं छताला माती लागती. पत्रा असू दे न्हाईतर लाकूड असू दे, छत ते छत."

 पाऊस आला, आणि हे आजही सांगताना मला बरं वाटतं, एक थेंब आत आला नाही. बोल्टावर माती, सांध्यावर माती, झडपेच्या कडेनं माती. उन्हाचा तावही कमी झाला होता, दुपारी आत बसवत होतं. मायची शिट्टी कमी झाली. ती आवारातल्या रोगी बायांना हाक मारायची, "या की घरात, जरा बसा. गार हाय." आजवर ती गाडी म्हणायची, पेटी म्हणायची. घर म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. दोन-तीन बाया येऊन बसल्याही. कपाटावरच्या फोटोंकडे त्यांनी बघितलं, पण गार होतं म्हणून बसल्या. माझ्या त्या पाच वर्षांतले सुखाचे दिवस कुठले, तर ते दोन महिने.

आषाढात एका सकाळी मी गाडीच्या बाजूनं जात होते. पन्हाळीतून पाणी गळत होतं आणि छताच्या कडेकडेनं खाली तांबड्या रेघा आल्या होत्या. रंगवलेल्या त्या हसऱ्या कुटुंबाच्या तोंडांवरून गंजाचं पाणी ओघळत होतं. बाप, आई, दोन्ही लेकरं. मी बोट लावलं आणि, का कोण जाणे, जिभेला लावलं. खारट लागलं.

आत जाऊन मी विचारलं, "माय, मातीत काय घातलंस?"

"मीठ," ती म्हणाली. "दोन पायल्या खडे मीठ. मीठ घातल्याबिगर कसं? गवत उगवतं ना छतावर. मुळ्या माती फोडतात."

मी नर्स होते. मिठाच्या पाण्यात लोखंडाचं काय होतं हे मला शिकवलेलं होतं. चिमटे, कात्र्या आम्ही सलाइनमध्ये राहू देत नव्हतो, पुसून कोरड्या ठेवायचो. वर ओली माती, मातीत मीठ, खाली दहा-बारा वर्षांचा जुना पत्रा. मला त्याच क्षणी सगळं कळलं. माती काढायला हवी होती, त्याच दिवशी, फावडं घेऊन. पण तिथं बसून ती तांदूळ निवडत होती आणि तिची छाती वाजत नव्हती. माती काढली तर परत गळणार, परत ओल. आणि तिला सांगायचं काय? की तू केलंस ते सगळं चुकलं? मी मनाशी म्हटलं, दसरा होऊ द्या. मग काढू.

हे शब्द कुणाचे होते ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर आलं, आणि गेलं नाही.

श्रावणात झडीचा पाऊस नव्हता, ऊनपाऊस चालला होता. लाल रेघा वाढत गेल्या. मी सकाळी ओल्या फडक्यानं त्या पुसून टाकायची, मायला दिसू नयेत म्हणून. पोरांना वाटायचं मी चित्र स्वच्छ ठेवते. भाद्रपदात तीन दिवस सलग पाऊस लागला. चौथ्या दिवशी, दुपारची वेळ, मी दवाखान्यात एका लेकराला पट्टी बांधत होते. आवारातून आवाज आला. फार मोठा नाही, भरलेली गोणी खाली टाकावी तसा. हातातली पट्टी तशीच सोडून मी पळाले.

छताचा मधला भाग झडपेसकट खाली आला होता. पत्रा कागदासारखा फाटलेला, कडा खाल्लेल्या. माय जेवून आडवी झाली होती. तिच्या अंगावर गळ्यापर्यंत चिखल होता, थंडगार, आणि वरच्या भोकातून पाऊस तिच्या तोंडावर पडत होता. झडपेची लोखंडी चौकट तिच्यापासून हातभर अंतरावर पडली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती मला बघून म्हणाली, "चोपणी कमी पडली ग."

आम्ही तिला उचलून प्रसूतीच्या खोलीत नेलं. दवाखान्यात एकच खाट होती. अंग पुसलं, गोधड्या घातल्या, पण तिची थंडी जाईना. दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर त्या वेळी होते, त्यांनी पेनिसिलीन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी एक अडलेली बाई बैलगाडीतून आली. खाट एकच. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मीच मायला व्हरांड्यात हलवलं. तट्ट्या लावल्या, तरी ओल यायचीच. मी आत त्या बाईपाशी होते. मुलगी झाली, ठणठणीत. हात धुऊन बाहेर आले तर मायनं हात वर केलेला होता. थांब, दम येऊ दे. मी शेजारी बसून थांबले. तो हात मीच मग खाली ठेवला.

चाचा दुसऱ्या बाजारच्या दिवशी आले. फाटलेल्या पत्र्याचा तुकडा त्यांनी हातात घेतला, त्याची धार बोटानं चुरली, बोट जिभेला लावलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "पत्रा सडला की झाळ धरत न्हाई, बाई." बस, एवढंच. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, पण मी त्यांनाही सांगितलं नाही. तिला छतानं मारलं, ओलीनं मारलं, गावानं मारलं, हे मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले. सगळं खरं आहे. आणि मला आषाढातच माहीत होतं, हेही खरं आहे.

पंधरा दिवसांनी मालकीणबाई स्वतः दवाखान्यात आल्या. डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "खोली झाडून ठेवली हाय. आता एकट्याच हायेत तुम्ही, तर या."

मला त्यांच्या तोंडावर दार लावायचं होतं. पण लावायला मला दारच नव्हतं. भाद्रपद संपत आला होता, गाडीला आभाळाएवढं भोक होतं आणि मी दवाखान्याच्या टेबलावर झोपत होते. मी गेले. सामान ठेवत असताना त्या दारातून म्हणाल्या, "भिंतीला खिळे ठोकू नका हं बाई, माती पडते." मी फोटो कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. खोली कोरडी होती. दोन दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि मी सवयीनं पातेलं काढून उशाशी ठेवलं. सकाळी ते रिकामं होतं. मी ते रिकामं पातेलं घेऊन रडले.

पुढच्या वैशाखात त्या घराच्या माळवदावर माती घालायची होती. खालच्या वस्तीतल्या दोन बाया आल्या, एक तरणी, एक मायच्या वयाची. म्हातारी टोपली घेऊन शिडी चढायची आणि वर पोचली की दम घ्यायला थांबायची. मी तांब्याभर पाणी घेऊन छतावर गेले. मालकीणबाई अंगणातून बघत होत्या. म्हातारीनं ओंजळ पुढे केली, वरून पाणी ओतावं म्हणून. मी तांब्या तिच्या हातात दिला. ती घटकाभर तसाच धरून बसली, मग तोंड लावून प्याली.

शेजारी मातीचा ढीग होता, आणि त्यात पांढरे खडे चमकत होते.

"मीठ घातलं का?" मी विचारलं.

"घातलं की," ती म्हणाली. "मीठ घातल्याबिगर घराचं छत टिकतं का?"

मी तिथंच, त्या चोपलेल्या मातीवर बसले. म्हणजे मायचं काहीच चुकलं नव्हतं. माती बराबर होती, उतार बराबर होता, मीठही बराबर होतं. घराला जे जे करायचं असतं ते तिनं सगळं केलं होतं. आमच्याकडे घर नव्हतं, एवढंच. म्हातारीनं तांब्या धुऊन परत केला आणि चोपणी उचलली.